घरातील नॅस बंद पडल्यावर फाइली परत कशा मिळवाव्यात

राउटरशेजारी ठेवलेल्या दोन डिस्कच्या छोट्या पेटीत, म्हणजे घरातल्या संगणकांना नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या नॅसमध्ये, दहा-पंधरा वर्षांचे फोटो, लग्नाच्या आणि मुंजीच्या चित्रफिती, खरेदीखताचे स्कॅन, वडिलांचे टंकलेले लेख असे सगळे साठलेले असते. आणि एके सकाळी त्या पेटीचा दिवा नुसता लुकलुकत राहतो, तेव्हा काहीतरी करून पाहण्याची जी पहिली ऊर्मी येते ती आवरावी. नॅस बंद पडले याचा अर्थ त्यातील फाइली गेल्या असा नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या यंत्रांपुरते बोलायचे तर ज्या फाइली कायमच्या गेल्या त्या बिघाडानंतर घाईने दाबलेल्या एखाद्या कळीमुळे गेल्या. म्हणून पुढे सांगितलेली पद्धत एकाच नियमावर उभी आहे: मूळ डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही, आणि जे काही करून पाहायचे ते तिच्या प्रतीवर करायचे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचेच दोन डिस्कचे यंत्र बंद पडले होते. रात्रभर विजेचे येणे-जाणे चालू होते आणि सकाळी यंत्र सुरू होईना. त्याचाच दाखला मी अधूनमधून देणार आहे, कारण त्या एका प्रकरणात जवळजवळ सगळ्या अडचणी एकामागोमाग एक समोर आल्या. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती लहान रोमन अक्षरांत टंकावी लागतात.

पहिल्या तासात

यंत्र प्रतिसाद देत असेल तर त्याच्या कळीने रीतसर बंद करावे, देत नसेल तर वीज काढावी, आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. डिस्क बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक डिस्कवर चिकटपट्टी लावून कप्प्याचा क्रमांक लिहावा आणि लेबलवरील अनुक्रमांकाचा फोटो घ्यावा. हे काम दोन मिनिटांचे असते, पण चार डिस्कच्या यंत्रात कोणती डिस्क कोठे होती हे नंतर शोधायला संध्याकाळ जाते.

रीसेटच्या कळीला हात लावू नये. काही यंत्रांत ती केवळ पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी पूर्ववत करते, तर काहींत जास्त वेळ दाबल्यास बरेच काही पुसते. आपल्या यंत्राचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय त्यातील कोणता प्रकार आपला आहे हे कळत नाही. नॅसची डिस्क विंडोज असलेल्या संगणकाला जोडली तर विंडोजला त्यावरील रचना ओळखता येत नाही आणि तो डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का असे विचारतो. दोन्ही प्रश्नांना नकारच द्यावा. बाजारात मिळणाऱ्या दोन खाचांच्या काही डॉकवर एका डिस्कची दुसरीवर नक्कल करणारी कळ असते. ती चुकून दाबली गेल्यास एक डिस्क दुसरीवर अख्खी उतरते. नॅसच्या दोन डिस्क अशा डॉकमध्ये एकाच वेळी कधीही घालू नयेत.

सर्वांत अवघड मोह पुनर्बांधणीचा असतो. एक डिस्क गेल्यावर यंत्र स्वतःच सुचवते की नवी डिस्क घाला आणि दुरुस्ती सुरू करा. फाइलींचा वेगळा बॅकअप असेल तर हा सल्ला योग्य आहे. नसेल तर मी तो मानत नाही. पुनर्बांधणीत उरलेल्या प्रत्येक डिस्कवरील प्रत्येक सेक्टर (साठवणीचा छोटा तुकडा) कित्येक तास सलग वाचला जातो, आणि त्या उरलेल्या डिस्क बहुधा गेलेल्या डिस्कबरोबरच, एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या असतात. त्यात डिस्क शिंगल्ड पद्धतीने, म्हणजे कौलांसारख्या एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत, लिहिणारी असेल तर काम फारच रेंगाळते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' (लाल) या नावाच्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क अशा आहेत, हे वेस्टर्न डिजिटलने २०२० च्या एप्रिलमध्ये मान्य केले. आधी प्रत, मग दुरुस्ती, हाच क्रम ठेवावा.

यंत्र खरोखर बंद आहे का

पुष्कळदा यंत्र चालू असते आणि संगणकालाच ते दिसत नसते. २०१७ च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी एसएमबी १ ही पद्धत नव्या संगणकांवर आपोआप बसत नाही, त्यामुळे फक्त तीच पद्धत जाणणारी जुनी यंत्रे नवा लॅपटॉप घेतल्यावर नाहीशी झाल्यासारखी वाटतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने संदेशांवर डिजिटल स्वाक्षरीची सक्ती आणि पासवर्डविना प्रवेशाला मनाई हे दोन्ही मूळ मांडणीतच आणल्यामुळे हाच अनुभव पुन्हा अनेकांना आला. इंटरनेटची कंपनी बदलून नवा राउटर बसवला असेल आणि नॅसला जुन्या राउटरच्या मालिकेतील ठरावीक पत्ता दिलेला असेल तरीही ते दिसत नाही. म्हणून दिवे नेहमीसारखे असतील तर प्रथम राउटरच्या यादीत यंत्र शोधावे, दुसऱ्या संगणकावरून पाहावे, आणि जुना राउटर घरात असल्यास तो लावून पाहावा.

दिवेच लागत नसतील तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. दोन डिस्कच्या यंत्रांना साधारणपणे १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, आणि डिस्क फिरू लागतानाच्या क्षणी प्रत्येकी दीड ते दोन अँपिअर मागतात. थकलेला अडॅप्टर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच खाली बसतो. म्हणून केवळ मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. दुसरा अडॅप्टर लावताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा अधिक, आणि पिनची धन-ऋण बाजू तीच आहे हे लेबलवर पाहून घ्यावे. एक निर्धोक चाचणी अशी, की सर्व डिस्क काढून यंत्र रिकामेच सुरू करावे. रिकामे यंत्र नीट सुरू झाले तर दोष अडॅप्टरच्या ताकदीत किंवा एखाद्या डिस्कमध्ये असण्याची शक्यता वाढते. रिकामेही सुरू झाले नाही तर अडॅप्टर किंवा मुख्य बोर्ड गेला आहे.

बोर्ड गेला असेल तर ती खरे पाहता बरी बातमी असते. इंटेलच्या अ‍ॅटम सी २००० मालिकेतील प्रोसेसरचा घड्याळ-संकेत देणारा भाग काही वर्षांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो, हा दोष २०१७ च्या सुरुवातीला उघड झाला. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या डीएस ४१५ प्लस आणि डीएस १५१५ प्लस या यंत्रांत त्याच मालिकेतील प्रोसेसर होता. असे यंत्र एके दिवशी उठतच नाही, पण डिस्क धडधाकट असतात. अशा वेळी त्याच कंपनीचे, तेवढेच कप्पे असलेले, नव्या किंवा त्याच पिढीचे यंत्र मिळवून डिस्क त्याच क्रमाने त्यात घातल्या की बहुधा ते जुनी मांडणी ओळखते आणि फाइली राखून स्थलांतर करण्याचा पर्याय देते. पडद्यावरील वाक्य मात्र शब्दन् शब्द वाचावे, कारण फाइली राखणारा पर्याय आणि सर्व पुसून नव्याने बसवणारा पर्याय शेजारी शेजारी असतात.

आमच्या यंत्राला नवा अडॅप्टर लावला आणि ते उठले. पण उठताच सांगू लागले की व्हॉल्यूम, म्हणजे फाइली ठेवलेला भाग, कोसळला आहे. दोन्ही डिस्कवर त्याच फाइली ठेवणाऱ्या जोडीतून एक डिस्क आठ महिन्यांपूर्वीच बाहेर पडलेली होती. तेव्हा यंत्र केकाटले होते आणि झोपमोड होते म्हणून घरात कोणीतरी तो आवाज कायमचा बंद केला होता. आता दुसरी डिस्कही वाचताना अडखळत होती. मी यंत्र त्याच क्षणी बंद केले.

डिस्कचा आवाज ऐकावा

डिस्क संगणकाला जोडल्यावर पहिली काही सेकंदे कान देऊन ऐकावे. ठरावीक अंतराने येणारा टक-टक आवाज हेड (चकतीवरून वाचणारे टोक) बिघडल्याचे सुचवतो, आणि फिरू न शकणाऱ्या मोटरचा बारीक गुणगुणता किंवा बीपसारखा आवाजही तितकाच गंभीर असतो. यांपैकी काही ऐकू आले, किंवा डिस्क पडलेली, भाजलेली वा पाण्यात बुडालेली असेल, तर घरचे काम तेथेच थांबते. प्रत्येक जादा मिनिटागणिक हेड चकतीवर ओरखडे पाडत असते आणि जे प्रयोगशाळेत मिळाले असते तेही जाते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय करू नये, कारण बाहेर काढल्यावर आतल्या आत बाष्प धरते. डिस्कचे झाकण उघडू नये. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड आणून लावण्यानेही आजच्या डिस्क सहसा चालत नाहीत, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी तिच्याच बोर्डावरील चिपमध्ये नोंदलेली असते.

पुराचे पाणी शिरलेल्या डिस्कविषयी वेगळे सांगणे आवश्यक वाटते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये जसे घराघरांत पाणी शिरले तशा वेळी लोक डिस्क उन्हात ठेवतात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने कोरडी करतात आणि मग लावून पाहतात. असे केल्याने पाण्यातील गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. ती वाळू न देता ओलसर कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे पाठवावी.

प्रयोगशाळा निवडताना तपासणीचे शुल्क वेगळे आहे का, फाइली न मिळाल्यास किती पैसे द्यावे लागतील, डिस्क उघडण्यासाठी धूळविरहित खोली त्यांच्याकडे स्वतःची आहे का, हे लेखी विचारावे. अ‍ॅरेतील (एकत्र जोडलेल्या गटातील) सर्व डिस्क द्याव्यात, बिघडलेली एकटी नव्हे, आणि कप्प्यांचे क्रमांक त्यावर असू द्यावेत.

जोडणी आणि तपासणी

आवाज नेहमीचा असेल तर घरी काम करता येते. त्यासाठी सॅटा (डिस्कच्या थेट केबलची) जोडणी असलेला डेस्कटॉप, उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली घातलेला पेनड्राइव्ह, आणि वाचवायच्या सर्व डिस्कच्या एकत्रित क्षमतेपेक्षा मोठी रिकामी जागा लागते. हा शेवटचा खर्च टाळण्याचा मोह होतो, पण तो टाळून केलेल्या कामात प्रत घेता येत नाही, आणि प्रतीशिवाय पुढचे काही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रिकामी डिस्क एक्स्ट ४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करावी. फॅट ३२ वर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही. यूएसबीच्या डबीपेक्षा सॅटाची थेट जोडणी बरी, कारण काही डब्या सेक्टरचा आकार बदलून सांगतात आणि मग पार्टिशनची (डिस्कच्या विभागांची) यादीच ओळखू येत नाही.

उबुंटू सुरू झाल्यावर 'एलएसबीएलके' या कमांडने डिस्कची यादी, आकार आणि अनुक्रमांक पाहावेत व ते आधी घेतलेल्या फोटोंशी ताडावेत. एसडीए, एसडीबी ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. अनुक्रमांक बदलत नाही. मूळ डिस्कवर 'ब्लॉकडेव्ह' कमांडने केवळ-वाचनाची खूण लावून ठेवावी.

त्यानंतर 'स्मार्टसीटीएल' ने डिस्कची प्रकृती पाहावी. लांबलचक तक्त्यातील मोजक्याच ओळी महत्त्वाच्या असतात. क्रमांक ५ ची ओळ बदलून टाकलेल्या सेक्टरांची, १९७ ची ओळ वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांची, आणि १९८ ची ओळ दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांची संख्या सांगते. या ओळींतील मूळ आकडा शून्य असेल तर मन शांत ठेवून पुढे जावे. क्रमांक १९९ वाढलेला असेल तर दोष अनेकदा केबलचा किंवा जोडणीचा असतो, डिस्कचा नव्हे. आमच्या दुसऱ्या डिस्कवर १९७ क्रमांकापुढे शंभराहून मोठा आकडा होता, तर आठ महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली डिस्क पाहिली तेव्हा तिच्या सगळ्या ओळी स्वच्छ होत्या आणि १९९ तेवढा फुगलेला होता. म्हणजे ती डिस्क चांगली असूनही ढिल्या जोडणीमुळे जोडीतून बाहेर पडली होती. त्या माहितीचे मोल मला शेवटी कळले.

आधी प्रत

प्रत घेण्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. उबुंटूमध्ये त्याच्या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे. साध्या 'डीडी' कमांडने काम भागत नाही, कारण वाचता न येणारा पहिलाच सेक्टर भेटला की ती थांबते. डीडीरेस्क्यू अवघड भाग बाजूला ठेवून आधी सोपे ते सगळे वाचून घेते आणि कोठे काय राहिले याचा हिशेब एका वेगळ्या मॅपफाइलमध्ये लिहिते. वीज गेली, केबल निसटली किंवा डिस्क गरम झाल्याने आपण स्वतःच थांबलो, तरी त्याच मॅपफाइलवरून काम राहिले तेथून सुरू होते. मॅपफाइल न देता डीडीरेस्क्यू चालवणे म्हणजे हिशेबाची वही न ठेवता दुकान चालवणे होय.

कमांडमध्ये तीन गोष्टी याच क्रमाने द्याव्या लागतात: आधी मूळ डिस्क, मग इमेज फाइल (डिस्कची हुबेहूब प्रत), मग मॅपफाइल. पहिल्या दोहोंची अदलाबदल झाली तर रिकामी इमेज मूळ डिस्कवर लिहिली जाऊ शकते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ती ओळ मोठ्याने वाचावी, शक्य असल्यास घरातील दुसऱ्या कोणाकडून अनुक्रमांक ताडून घ्यावा. पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्यावा, म्हणजे ती खराब जागा खरवडत बसत नाही. ४ टेराबाइटची निरोगी डिस्क सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइट या वेगाने साडेसात ते अकरा तासांत पूर्ण होते. दुसऱ्या फेरीत 'एन' काढून, 'डी' हा थेट वाचनाचा पर्याय आणि 'आर' ला तीनचा आकडा देऊन उरलेल्या जागांवर प्रयत्न करावा. ही फेरी एक-दोन दिवसही चालते. डिस्कवर पंखा लावावा, यूपीएस जोडावा आणि संगणक झोपी जाणार नाही अशी मांडणी करावी.

आमच्या अडखळणाऱ्या डिस्कची पहिली फेरी एका रात्रीत झाली आणि दुसरी दोन दिवस चालली. शेवटी काही मेगाबाइट वाचता आले नाहीत. नंतर चांगल्या डिस्कचीही इमेज काढली, कारण चांगली म्हणून तिच्यावर थेट काम करावे असे वाटणे हीच चूक असते.

अ‍ॅरे जुळवणे

बहुतेक घरगुती नॅस आतून लिनक्सच असतात. डिस्कवर लहान पार्टिशनांत यंत्राची स्वतःची प्रणाली असते आणि सर्वांत मोठ्या पार्टिशनावर आपल्या फाइली. सिनॉलॉजीमध्ये पहिले दोन भाग प्रणाली आणि स्वॅपचे असतात व ते सर्व डिस्कवर सारखेच असतात, म्हणून अ‍ॅरेंच्या यादीत काही गिगाबाइटचे छोटे अ‍ॅरे दिसले तर गोंधळून न जाता सर्वांत मोठ्याकडे पाहावे.

'लोसेटअप' कमांडने इमेज फाइली केवळ-वाचन पद्धतीने आणि पार्टिशने उघडण्याच्या पर्यायासह जोडाव्यात, म्हणजे त्या खऱ्या डिस्कसारख्या दिसू लागतात. मग मोठ्या पार्टिशनावर 'एमडीएडीएम' कमांड 'एक्झामिन' पर्यायाने चालवावी. ती जे दाखवते त्यातील अ‍ॅरेचा ओळखक्रमांक, रेडचा (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीचा) प्रकार, डिस्कची जागा, शेवटच्या नोंदीची वेळ आणि इव्हेंट्स हा आकडा वहीत उतरवून घ्यावा. इव्हेंट्सचा आकडा म्हणजे त्या डिस्कने अ‍ॅरेतील किती बदल पाहिले याची मोजणी. ज्या डिस्कचा आकडा इतरांपेक्षा बराच मागे आहे ती आधीच बाहेर पडलेली, शिळी डिस्क होय. शिळी डिस्क ताज्या डिस्कबरोबर जबरदस्तीने जुळवली तर रेड ५ मध्ये जुन्या-नव्या तुकड्यांची खिचडी होते आणि फाइली उघडूनही आतून खराब निघतात. रेड ५ एका डिस्कविना आणि रेड ६ दोन डिस्कविना चालते. त्यामुळे ताज्या डिस्क पुरेशा असतील तर शिळीला बाहेरच ठेवावे.

जुळवण्यासाठी 'एमडीएडीएम' ला 'असेंबल', 'रीडओन्ली' आणि अपुऱ्या डिस्कवरही सुरू होण्यासाठी 'रन' हे पर्याय द्यावेत. मिररिंग (दोन्ही डिस्कवर तेच) असलेल्या जोडीतील एकच इमेज अशी देता येते. 'क्रिएट' हा पर्याय कोणीही, कितीही खात्रीने सुचवला तरी वापरू नये, कारण तो नव्या नोंदी जुन्यांवर लिहितो. 'फोर्स' ची गरज पडली, म्हणजे दोन डिस्कच्या इव्हेंट्समध्ये थोडासाच फरक असेल, तर तो प्रयोग इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर करावा.

अ‍ॅरे सुरू झाल्यावर अनेक यंत्रांत एलव्हीएमचा (जागेची वाटणी करणाऱ्या व्यवस्थेचा) आणखी एक थर असतो. तो 'व्हीजीचेंज' कमांडने जागा होतो आणि 'एलव्हीएस' ने दिसतो. शेवटी व्हॉल्यूम माउंट करायचा, म्हणजे फाइली दिसतील असा उघडायचा. एक्स्ट ४ असेल तर केवळ-वाचनाच्या 'आरओ' बरोबर 'नोलोड' हा पर्यायही द्यावा, नाहीतर जर्नलमधील (बदलांच्या नोंदवहीतील) अर्धवट नोंदी पूर्ण करण्यासाठी लिनक्स व्हॉल्यूमवर लिहू पाहतो. एफएससीके सारखी दुरुस्तीची साधने येथे चालवू नयेत. ती फाइल-रचना सुसंगत करतात, आणि सुसंगत करण्यासाठी काही फाइली सोडून देतात.

यंत्रागणिक काही विचित्र गोष्टी आढळतात. सिनॉलॉजीचा बीटीआरएफएस (फाइली मांडण्याची आणखी एक पद्धत) व्हॉल्यूम नव्या लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) कडक तपासण्यांमुळे कधी कधी माउंट होत नाही. अशा वेळी उबुंटू १८.०४ ही जुनी आवृत्ती वापरून पाहावी. तेही जमले नाही तर 'बीटीआरएफएस रिस्टोअर' ही कमांड व्हॉल्यूम माउंट न करता, त्यावर काहीही न लिहिता फाइली बाहेर काढते. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या अलीकडच्या यंत्रांत एलव्हीएमचा थर कंपनीने बदललेला असल्यामुळे त्यांचे थिन (गरजेपुरती जागा घेणारे) व्हॉल्यूम साध्या लिनक्समध्ये उघडत नाहीत, आणि तेथे दुसरे क्यूनॅप यंत्र मिळवणे हाच सरळ मार्ग आहे. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्हमध्ये एक्स्ट ४ चा ब्लॉक ६४ किलोबाइटचा असतो, जो साध्या संगणकावरील लिनक्सचा कर्नल सहसा माउंट करत नाही. 'फ्यूज-एक्स्ट २' मात्र तो वाचू शकते. फोल्डर किंवा व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला असेल तर किल्ली किंवा पासफ्रेज लागतेच, त्याला पर्यायी वाट नाही. म्हणून ती किल्ली त्याच नॅसवर ठेवलेली नसावी.

यातले काहीच जमले नाही तर यूएफएस एक्सप्लोरर किंवा आर-स्टुडिओ यांसारखी विकतची सॉफ्टवेअर इमेजवरून अ‍ॅरे स्वतः ओळखून फाइलींची यादी दाखवतात. त्यांची विनामूल्य आवृत्ती काय सापडले ते दाखवते. ते पाहून मगच पैसे द्यावेत. फोटोरेक हे शेवटचे साधन. ते फाइलींच्या आरंभखुणा शोधून तुकडे बाहेर काढते, पण नावे आणि फोल्डर परत देत नाही, आणि हजारो निनावी फोटो तारखेवरून लावत बसण्यात महिने जातात.

फाइली उतरवून घेणे

व्हॉल्यूम उघडला की आधी जे पुन्हा मिळणार नाही ते घ्यावे. डाउनलोड केलेले चित्रपट मागे राहिले तरी चालतील. 'आरसिंक' कमांडने नोंदवहीच्या फाइलसह उतरवावे, म्हणजे कोणती फाइल अडली ते नंतर पाहता येते. सिनॉलॉजीवरील '@ईएडिर' नावाच्या फोल्डरांत मुख्यतः यंत्राने बनवलेली छोटी चित्रे असतात, ती वगळावीत. '#रिसायकल' हा फोल्डर मात्र जरूर घ्यावा, कारण हरवली असे वाटलेली एखादी फाइल तेथे सापडते.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक अडचण विशेष जाणवते. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रांसह, ३ बाइट घेते, म्हणून साधारण ८५ चिन्हांत नाव संपते. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरांत ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे. तेथे लांब नावांची फाइल नक्कल होत नसेल तर ती खराब आहे असे समजू नये, नाव तेवढे आखूड करावे. तसेच वडिलांचे किंवा आजोबांचे जुने लेख श्रीलिपी अथवा कृतिदेव फाँटमध्ये टंकलेले असतील तर नव्या संगणकावर ते रोमन चिन्हांच्या गर्दीसारखे दिसतात. वडिलांची अशीच एक फाइल उघडून ती गेली असे मी अर्धा दिवस धरून चाललो होतो. तो जुना फाँट बसवल्यावर लेख जसाच्या तसा समोर आला.

वाचता न आलेले सेक्टर नेमके कोणत्या फाइलींत पडले आहेत हे शोधण्याची एक सुंदर सोय डीडीरेस्क्यूमध्ये आहे. 'फिल-मोड' पर्याय आणि तीच मॅपफाइल देऊन इमेजच्या दुसऱ्या प्रतीतील खराब जागा एखाद्या ठळक, सहसा कोठे न आढळणाऱ्या शब्दाने भरता येतात. मग व्हॉल्यूम माउंट करून 'ग्रेप' ने तो शब्द शोधला की खराब फाइलींची यादी हातात येते. एकेक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहत बसावे लागत नाही. आमच्या यादीत काही छोटी चित्रे आणि तीन चित्रफिती निघाल्या, त्यांपैकी एक माझ्या बहिणीच्या लग्नातील सप्तपदीची.

तेथे ती शिळी डिस्क कामी आली. ताज्या इमेजचा व्हॉल्यूम अनमाउंट केला, एलव्हीएम झोपवले, अ‍ॅरे 'स्टॉप' केला, आणि मग एकट्या शिळ्या डिस्कची इमेज तशाच पद्धतीने जुळवली. दोन्ही एकाच वेळी उघडता येत नाहीत, कारण दोहोंवर ओळखक्रमांक तेच असतात आणि लिनक्स त्यांना एकच समजते. त्या डिस्कवर आठ महिन्यांपूर्वीपर्यंतचे सगळे होते, आणि तिन्ही चित्रफिती त्याआधीच्या होत्या. त्या पूर्ण, निर्दोष मिळाल्या. म्हणून बाद झालेली डिस्क कोणी टाकून द्यायला निघाले तर मी थांबवतो.

उतरवलेल्या फाइलींच्या 'एसएचए २५६' बेरजा (फाइलीच्या मजकुरावरून निघणाऱ्या, ठशासारख्या ओळखसंख्या) काढून एका फाइलमध्ये ठेवाव्यात आणि दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत केल्यावर त्याच बेरजा पुन्हा ताडाव्यात. नव्या नॅसमध्ये नव्याच डिस्क घालाव्यात, कारण नवे यंत्र मांडणी करताना घातलेल्या डिस्क पुसते. जुन्या डिस्क कप्प्याच्या क्रमांकाच्या चिकटपट्टीसकट, स्थिरविद्युतरोधक पिशवीत, कोरड्या कपाटात किमान सहा महिने राहू द्याव्यात. एखादा फोल्डर राहून गेल्याचे घरातील कोणालातरी दिवाळीच्या सुमारास आठवतेच.